गाव हलते तेव्हा मागे काय उरते? मेळघाटातील कोरकूंचा इतिहास

१/२६
श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी अकोटहून सातपुड्याकडे जाणारी वाट माणसांनी भरून जाते. ही धारगडच्या महादेवाची यात्रा. एरवी येथे व्याघ्र प्रकल्पाचे नियम लागू असतात, परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. या यात्रेपुरते मात्र जंगलाचे दार उघडते आणि अकोला-अमरावतीचे हजारो भाविक कपारीतल्या देवापर्यंत पोचतात. देव जागच्या जागी आहे. ज्या गावाच्या नावाने तो ओळखला जातो, ते धारगड गाव मात्र आता त्या जंगलात नाही. ते खाली, अकोल्याच्या सपाटीवर आणून वसवलेले आहे.

२/२६
धारगड एकटे नाही. अमोना, नागरतास, बारूखेडा, गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा खुर्द आणि सोमठाणा बुद्रुक याच मार्गाने अकोट व तेल्हारा तालुक्यांत उतरली. त्यांच्याही आधी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे अकोट तालुक्यात आली होती. या गावांतले बहुसंख्य रहिवासी कोरकू आदिवासी. गाव म्हणजे केवळ घरे असती, तर हा इतिहास मोबदल्याच्या धनादेशावर संपला असता. तो तेथे का संपला नाही, याचे उत्तर शोधण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

३/२६
आरंभ नावापासून करावा. कोरकू भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘माणसे’. जगातील अनेक आदिम समाज स्वतःला असेच संबोधतात. ‘आम्ही अमुक जातीचे’ असे न म्हणता ‘आम्ही माणसे’ असे म्हणतात. महाराष्ट्रात त्यांची मुख्य वस्ती अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, म्हणजे मेळघाटात आहे. मध्य प्रदेशात बैतूल, हरदा, खंडवा, बुऱ्हाणपूर, छिंदवाडा या पट्ट्यात ती पसरलेली आहे.

४/२६
वऱ्हाडात चहूकडे मराठी, उत्तरेला हिंदी आणि निमाडी, शेजारी गोंडी. या सर्वांपैकी कोणत्याही भाषेशी कोरकूचे रक्ताचे नाते नाही. ती ऑस्ट्रोएशियाई कुळातील मुंडा शाखेची भाषा आहे. तिच्या बहिणी संथाळी, मुंडारी आणि हो शेकडो मैल पूर्वेला झारखंड-ओडिशात बोलल्या जातात. याच कुळाच्या दूरच्या शाखांत कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी या भाषा मोडतात. व्हिएतनामपासून पसरलेल्या या भाषाकुळाचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक म्हणजे वऱ्हाडाच्या माथ्यावरचा हा सातपुडा.

५/२६
नात्याचा पुरावा रोजच्या शब्दांत सापडतो. कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात, मुंडारीत ‘दा’. कुत्रा कोरकूत ‘सिता’, मुंडारीत ‘सेता’. वाघ येथे ‘कूला’ आणि तेथेही ‘कुला’. नाच येथे ‘सुसुन’ आणि तेथेही ‘सुसुन’. पाणी, कुत्रा, वाघ, नाच हे शब्द कोणी बाजारातून उसने आणत नाही. ते घरातून येतात. दोन समाजांची ताटातूट कधी झाली हे सांगणारा शिलालेख उपलब्ध नाही. तरी त्या कधी काळी एका घरच्या भाषा होत्या, एवढे हे शब्द निःसंशय सांगतात.

६/२६
याच प्रदेशात आणखी एक नवल आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद परिसरात निहाली नावाची भाषा बोलली जाते. तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या आसपास. तिच्यात कोरकूचे पुष्कळ शब्द मिसळले आहेत, परंतु तिचा गाभा भारतातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. निहाल आणि कोरकू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. ज्या डोंगरांना शासकीय कागदांत केवळ ‘जंगल’ म्हटले गेले, तेथे भाषांचे इतके जुने थर टिकून आहेत.

७/२६
कोरकूंची उत्पत्तिकथाही याच डोंगरांना चिकटलेली आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात ती नोंदली आहे. विंध्य-सातपुडा निर्मनुष्य पाहून रावणाने महादेवाला तेथे माणसे वसवण्याची विनंती केली. महादेवाने वारुळाच्या तांबड्या मातीचा शोध घेण्यास कावळ्याला धाडले. त्या मातीच्या स्त्री-पुरुषमूर्ती घडवल्या, पण इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडवल्या. तेव्हा महादेवाने आधी मातीचा कुत्रा घडवून त्यात प्राण फुंकले. कुत्र्याने घोडे पिटाळले आणि मग मुला व मुलाई ही पहिली जोडी जन्मली.

८/२६
या कथेत माणूस स्वर्गातून उतरत नाही किंवा दूर देशाहून येत नाही. तो याच डोंगरातल्या वारुळाच्या मातीतून घडतो. रावण येथे खलनायक नाही. ही भूमी माणसांनी गजबजावी असे ज्याला वाटले, तो उपकारकर्ता आहे. म्हणूनच मेळघाटात होळीनंतर मेघनाथाची यात्रा भरते आणि उंच खांबाभोवती नवस फेडले जातात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. मजुरीसाठी दूर गेलेली माणसेही त्यासाठी परततात. फगवा मागत, ढोलकी-बासरीच्या तालावर गावोगाव नाच चालतो.

९/२६
कोरकू गावाची रचना पाहताच ओळखू येते. मधोमध सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर घरांच्या रांगा, बांबूच्या तट्ट्यांना लिंपलेल्या भिंती. गावाचा राखणदार मुठवा देव दगडांच्या राशीच्या रूपाने विराजतो. डोंगरदेव आहे, सूर्यचंद्रांचे पूजन आहे. पूजेचा अधिकार भुमकाकडे. आजार आणि बाधा पाहणारा पडियार. समाजाच्या कुळांची नावे झाडे, वेली आणि नदीकाठ यांवरून पडली. जांबू कुळाचे नाव जांभळीवरून आले. सिपना नदीच्या नावात सागाचा कोरकू शब्द आहे.

१०/२६
मृतांचे स्थानही गावातच असते. मृत्यूनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ऐपत जमली की ‘सिडोली’ हा विधी होतो. त्यात सागवानी लाकडाचा स्मृतिस्तंभ कोरतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार, माणसांच्या आकृती असतात. तो ठरलेल्या झाडाखाली, पूर्वीच्या स्तंभांच्या रांगेत उभारला जातो. त्यानंतरच मृताचा जीव पूर्वजांत मिसळला असे मानतात. ज्या समाजाने इतिहास लिहून ठेवला नाही, त्याने तो असा जमिनीत रोवून ठेवला. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे तो कळीचा ठरतो.

११/२६
आता बाहेरून आलेल्यांकडे वळू या. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात मेळघाटच्या दक्षिण कड्यावर गाविलगड उभारला. पश्चिमेला अकोल्याच्या बाजूस नरनाळा होताच. वऱ्हाडची सत्ता ज्याच्या हाती, त्याला हे दोन किल्ले हवेच असत. इमादशाही, निजामशाही, मोगल, निजाम, नागपूरकर भोसले अशा सत्ता आल्या आणि गेल्या. डोंगरातले लहान राजे व पाटील घाटवाटांची राखण करीत आणि त्या बदल्यात सपाटीचे राज्यकर्ते त्यांना बहुतांशी त्यांच्या हालावर सोडून देत.

१२/२६
१५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी गाविलगड घेतला. किल्ल्याची कमकुवत बाजू उत्तरेची, म्हणजे डोंगराच्या आतली. तेथवर जड तोफा पोचवण्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याला डोंगरातून वाट फोडत कित्येक दिवस घालवावे लागले. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. इतिहासाची पुस्तके या लढाईत सेनापती, तोफा आणि तट मोजतात. ज्यांच्या गावांमधून त्या तोफा ओढल्या गेल्या, त्यांची नोंद त्या पानांवर नाही. डोंगराचे मोल तेव्हा एकच होते: किल्ला.

१३/२६
१८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड ब्रिटिशांच्या कारभाराखाली दिला आणि डोंगराचे मोल बदलले. आता हवे होते लाकूड. रेल्वेचे स्लीपर, पूल, छावण्या, इमारती या साऱ्यांना सागवान लागत होते. १८६०च्या दशकात मेळघाटातील जंगले सरकारी राखीव म्हणून वेगळी काढण्यास आरंभ झाला. परतवाडा ही लाकडाची मोठी बाजारपेठ बनली. वरती चिखलदऱ्याला बंगले उभे राहिले, कॉफीची लागवड झाली. डोंगरावर प्रथमच एक अदृश्य कुंपण आले, आणि त्याचे नाव होते कायदा.

१४/२६
कोरकूंची जुनी शेती फिरती होती. उतारावरचा झाडोरा तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत कुटकी-सावा यांसारखी धान्ये पेरायची. दोन-तीन हंगामांनी ती जागा सोडून पुन्हा जंगलाच्या हवाली करायची. ‘दहिया’ नावाने ओळखली जाणारी ही पद्धत वनाधिकाऱ्यांना सागाची नासाडी वाटली. ती बंद करण्यात आली. शिकार, चराई, मोह, डिंक, बांबू या सर्वांवर परवाने आणि दंड आले. काल जे जगणे होते, ते आज गुन्हा ठरले. त्यासाठी कोणाला जागचे हलवावेही लागले नाही.

१५/२६
मात्र लाकूड तोडण्यासाठी, रस्ते बांधण्यासाठी, वणवे विझवण्यासाठी माणसे लागतातच. म्हणून वनखात्याने स्वतःच जंगलात वस्त्या राहू दिल्या, काही नव्याने वसवल्या. ही ‘वनग्रामे’. तेथील कोरकूला कसण्यापुरती जमीन मिळे, पण तिच्यावर मालकी नसे. बदल्यात खात्याला हवी तेव्हा मजुरी द्यावी लागे. पुढे मेळघाटातील वस्त्यांना ‘जंगलावरचे अतिक्रमण’ म्हटले गेले. त्यांपैकी अनेक गावे शासनाच्या गरजेपोटी तेथे होती, हे त्या वेळी सोयीस्कररीत्या विसरले गेले.

१६/२६
या बदलाला विरोध झाला नाही असे नाही. १९३० साली सविनय कायदेभंगाच्या काळात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. त्याच वर्षी मेळघाटला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यात गोंड आणि कोरकू मोठ्या संख्येने पुढे आले. तेथील बंजारीढालच्या सत्याग्रहाचे नेते होते गंजनसिंह कोरकू. गवत कापणे ही कृती साधी दिसते. परंतु स्वतःच्या डोंगरावरचे गवत कापणे हाच ज्याच्यासाठी अपराध ठरला होता, त्याच्या दृष्टीने तोच स्वराज्याचा अर्थ होता.

१७/२६
ब्रिटिश काळाने एक वेगळी नोंदही मागे ठेवली. जॉन ड्रेक या मिशनऱ्याचे कोरकू व्याकरण १९०३ साली कोलकात्यात छापले गेले. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ मध्ये, कोरकूला मुंडा भाषांच्या पंक्तीत स्थान मिळाले. जी राजवट जंगलाची वाट बंद करीत होती, तिच्याच काळात या भाषेचे शब्द कागदावर आले. परंतु व्याकरण छापले गेले म्हणून शाळा त्या भाषेत भरली नाही. कोरकू मूल शाळेत पाऊल टाकताच परक्या भाषेत शिकू लागते, ही स्थिती पुढेही दीर्घकाळ राहिली.

१८/२६
स्वातंत्र्यानंतर कोरकूंना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण त्यालाही सीमा होती. वऱ्हाडात तो मेळघाट तालुक्यासारख्या ठरावीक भागांपुरता होता. त्यामुळे तोच कोरकू डोंगर उतरून अकोटला राहू लागला, तर कागदोपत्री तो आदिवासी राहत नसे. १९७६च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. माणसाची ओळख तो कोणत्या तालुक्यात उभा आहे यावर ठरवणारी ही तरतूद विसरण्यासारखी नाही. ती लागू असताना गाव खाली आणले गेले असते, तर सोबतची ओळखही वरच राहिली असती.

१९/२६
२२ फेब्रुवारी १९७४. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. महाराष्ट्रातील तो पहिला. डोंगराचे मोल तिसऱ्यांदा बदलले: किल्ला, लाकूड आणि आता वाघ. १९८५ मध्ये अभयारण्य, १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान, पुढे नरनाळा, वान, अंबाबरवा ही अभयारण्ये. आज प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. वाघ वाचवण्याची निकड खरी होती आणि या जंगलातून उगम पावणाऱ्या नद्यांवर खालच्या वऱ्हाडाची तहान अवलंबून आहे, हेही खरे. प्रश्न त्याच्या किमतीचा होता.

२०/२६
१९९३ च्या सुमारास मेळघाटचे नाव देशभर पोचले ते बालमृत्यूंमुळे. कुपोषणाच्या बातम्या, उच्च न्यायालयातील याचिका, मंत्र्यांचे दौरे सुरू झाले आणि ‘मेळघाट’ हा शब्द भुकेचा पर्याय बनला. ही भूक निसर्गाने दिलेली नव्हती. फिरती शेती गेली, कुटकी-सावा मागे पडला, शिकार व वनोपज यांवर बंधने आली, मजुरीसाठी स्थलांतर वाढले, दवाखाने दूर आणि पावसाळ्यात रस्ते बंद. सव्वाशे वर्षे एकेक आधार काढून घेतल्यावर ताटात जे उरले, त्याची ती बातमी होती.

२१/२६
मग पुनर्वसन आले. नव्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड. २००७ मध्ये मेळघाटचे गाभा क्षेत्र अधिसूचित झाल्यावर आणखी गावे. २००८ पासून केंद्राच्या योजनेत प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये किंवा जमीन-घरासह पुनर्वसन असे दोन पर्याय होते. कायद्याने हे स्थलांतर ऐच्छिक असावे लागते. २००६चा वनहक्क कायदा तर आधी हक्क मान्य करा आणि ग्रामसभेची संमती घ्या असे सांगतो. अनेकांनी शाळा, दवाखाना, वीज आणि रस्ता यांच्या आशेने होकार दिला. त्या आशेला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही.

२२/२६
सपाटीवर मात्र वेगळे जग होते. अकोट-तेल्हाऱ्याची काळी, कापूस पिकवणारी जमीन विकत घेणे दहा लाखांत कठीण. मोह, तेंदू, सरपण, नदीतले मासे यांचा हिशेब कोणत्याच मोबदल्यात नव्हता. शेतजमीन, आरोग्यसेवा आणि रोजगार यांची आश्वासने पूर्ण झाली नाहीत, अशी तक्रार करीत गावकरी जंगलातील जुन्या जागी परत गेले, खाली आणले गेले, पुन्हा गेले. २२ जानेवारी २०१९ रोजी केलपाणी-गुल्लरघाट परिसरात गावकरी आणि वन व पोलीस कर्मचारी यांच्यात संघर्ष झाला. दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली.

२३/२६
सिडोलीचे स्तंभ येथे आठवावेत. घर पाडून दुसरीकडे बांधता येते, भांडीकुंडी ट्रकमध्ये भरता येतात. पूर्वजांच्या रांगेत रोवलेला स्तंभ, दगडांच्या राशीतला मुठवा आणि यात्रेतला मेघनाथाचा खांब यांचे मूल्यांकन कोणत्या रकान्यात करायचे? कोरकू परत गेले ते केवळ जमिनीसाठी नव्हे, किंवा केवळ श्रद्धेसाठीही नव्हे. ज्या ठिकाणी माणूस उपाशी राहिला तरी अनोळखी नसतो, त्या ठिकाणाकडे ते वळले. मोबदल्याच्या हिशेबाने घर मोजले, गाव मोजायचे राहिले.

२४/२६
असा अनुभव घेणारे कोरकू जगात एकटे नाहीत. उत्तर अमेरिकेतील शॉनी जमातीचे घर होते ओहायो नदीचे खोरे. अनेक जमातींना एकत्र आणून लढणारा त्यांचा नेता टेकमसे ५ ऑक्टोबर १८१३ रोजी रणात पडला. १८३०च्या स्थलांतर कायद्यानंतर ओहायोतील शॉनींना पश्चिमेकडे धाडण्यात आले. तेथे बंदुकीच्या धाकाखालचे तह होते, येथे संमतीची कागदोपत्री प्रक्रिया आहे. हा भेद मोठा आहे आणि तो पुसता कामा नये. परंतु पुढे जे घडले, ते कोरकूंसाठीही बोलके आहे.

२५/२६
शॉनींच्या चिलिकॉथे शाखेचे मुख्य गाव जेथे जाई, तेथे त्याचे नावही सोबत जाई; म्हणून ओहायोच्या इतिहासात एकाच नावाची अनेक गावे सापडतात. आज शॉनींची तीन मान्यताप्राप्त राष्ट्रे ओक्लाहोमात आहेत. त्यांपैकी एकाला स्वतंत्र ओळख मिळण्यास २००० साल उजाडावे लागले. तरीही नाव आणि परिषद टिकली म्हणून समाज टिकला. आता ते भाषा वाचवण्यासाठी झटत आहेत. अकोल्याच्या सपाटीवरही केलपाणी, नागरतास, सोमठाणा ही नावे गावकऱ्यांनी सोबत आणली आहेत. नाव टिकले की गाव पुन्हा जुळण्याची शक्यता टिकते.

२६/२६
आशेची वाटही मेळघाटातच आहे. चिखलदरा तालुक्यातील पायविहीर या गावाला २०१२ मध्ये १९३ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड माळावर गावाने झाडे लावली, चराई आवरली, सीताफळाची विक्री थेट मुंबईपर्यंत नेली; २०१४ मध्ये गावाला राष्ट्रीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. ज्यांना दीडशे वर्षे जंगलाचे शत्रू म्हटले गेले, त्यांच्या हाती जंगल सोपवल्यावर ते वाढले. २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणाऱ्यांची संख्या सव्वासात लाखांवर होती. त्या भाषेत वाघाला ‘कूला’ म्हणतात, आणि हा शब्द व्याघ्र प्रकल्पापेक्षा कितीतरी जुना आहे. मेळघाटचा इतिहास लिहिताना किल्ला, साग आणि वाघ यांच्या आधी ‘कोरकू’, म्हणजेच ‘माणसे’, हा शब्द लिहिला जावा.

(समाप्त)